एका ओरखड्याचे साडेबावीस तास

शनिवारी सकाळी माशाच्या अंगावर एक ओरखडा होता. रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्या टाकीतलं जवळजवळ सगळं मेलेलं किंवा मरणाला टेकलेलं होतं. मधल्या वेळात वीज गेली नाही, काच तडकली नाही, कसला रोग शिरला नाही. जे झालं ते माशाला वाचवण्यासाठी केलेल्या गोष्टींमुळे झालं.

टाकी माझ्या भाच्याची, डोंबिवलीत त्याच्या खोलीत ठेवलेली. मुलगा काळजीने वागणारा आहे. रोज तापमान, क्षारता, अमोनिया यांची नोंद वहीत करतो. त्या नोंदी, फोनमधल्या फोटोंवर उमटलेल्या वेळा आणि त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, सांगितलेलं यांवरून मी हा क्रम लावला आहे, आणि त्याला विचारूनच लिहितो आहे. दोष द्यायचा म्हणून नाही. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या अनेक घरांत हे याच पायऱ्यांनी घडतं, आणि दर पायरीवर माघारी फिरता येतं. ते दिसावं, एवढ्यासाठी.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. बाहेरून मोजली तर १९१ लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी १५० लिटरच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो नडतो. आत क्लाऊन माशांची जोडी, एक निळा डॅमसेल, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक सफाई कोळंबी, शंखातले काही खेकडे, काही गोगलगाई, कृत्रिम सच्छिद्र दगड आणि मधोमध वीतभर रुंद समुद्रफूल. खरं प्रवाळ नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आहेत, ती घरात ठेवता येत नाहीत. हे त्याला ठाऊक होतं.

शनिवार, सकाळी ६.४०. उरले साडेबावीस तास

दिवे लागले तेव्हा मोठ्या क्लाऊनच्या, म्हणजे मादीच्या, डाव्या कुशीवर खवले निघालेले दिसले. कल्ल्यामागच्या पराच्या जरा मागे, तुरीच्या डाळीएवढी जागा. कडा पांढुरकी, मध्ये गुलाबी. रक्त नाही.

कारणही सापडलं. रात्री दोनच्या सुमारास तो पाणी प्यायला उठला आणि त्याने खोलीतली ट्यूब लावली होती. माशांना पापण्या नसतात. मिट्ट काळोखात एकदम उजेड झाला की ते दिशा न बघता सुसाट सुटतात. दगडाची एखादी धार आडवी आली असणार.

सकाळी ७.१५. उरले २१ तास ५५ मिनिटं

वहीत एकच शब्द आहे: ‘खाल्लं’. बारीक चिरलेली कोळंबी टाकल्यावर मादी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी वर आली होती.

माझ्या मते सबंध घटनाक्रमातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. जखमी मासा खातो आहे, कल्ल्यांची उघडझाप रोजच्याच लयीत आहे, पर ताठ आहेत, तो कोपऱ्यात तोंड घालून बसलेला नाही, म्हणजे तो सावरतो आहे. आणि यावेळेपर्यंत त्याच्या अंगात दुरुस्ती सुरूही झालेली असते. आपल्या कातडीवर सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा कोरडा थर असतो. माशाच्या कातडीची वरची पेशीसुद्धा जिवंत असते. जखम झाली की कडेच्या पेशी नव्या तयार होण्याची वाट न बघता सरकत आत येतात आणि उघडी जागा झाकून टाकतात. खपली धरत नाही. कोमट पाण्यात, लहान आणि वरवरची जखम असेल तर हे पहिलं झाकण बहुतेकदा एका दिवसात बसतं. खालची कातडी भरायला, खवले यायला पुढे काही आठवडे लागतात, पण दार लागलेलं असतं.

हे दार समुद्रातल्या माशाला फार लागतं. त्याच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे भोवतालचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी अखंड ओढून घेत असतं. मासा समुद्र पितो, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि अंगावरच्या बुळबुळीत थराने गळती आवरून धरतो. त्याच थरात जिवाणूंना मारणारी द्रव्यंही असतात. खवले निघाले की तेवढ्यापुरती गळती वाढते. म्हणजे त्या दिवशी मादीला थोडे जास्त कष्ट होते आणि त्यासाठी प्राणवायू थोडा जास्त हवा होता. तिची एकंदर गरज एवढीच: स्वच्छ पाणी, भरपूर हवा, मंद उजेड, पोटभर खाणं आणि कोणी हात न लावणं.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगतो. जखमेवर कापसासारखी पांढरी लव, कडेपासून पसरत जाणारी लाली, डोळ्यावर धूसर पडदा, खाणं बंद, श्वास वाढलेला. यांतलं काही दिसलं तरच औषधाचा विचार, आणि तोही वेगळ्या टाकीत. वीस-चाळीस लिटरची उघडी टाकी, तळाला वाळू नाही, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा. आजाऱ्याची खोली म्हणून हे पुरतं. ती टाकी भाच्याकडे नव्हती.

सकाळी ८.३०. उरले २० तास ४० मिनिटं

जखम जवळून बघावी म्हणून त्याने जाळी घातली.

पाठलाग बराच वेळ चालला. मासा दगडामागे गेला म्हणून दगड उचलले. तो समुद्रफुलात शिरला म्हणून जाळीच्या काठीने समुद्रफुलाची कड उचलली. शेवटी मादी हाती आली, फोटो निघाला, ती परत सोडली. त्या फोटोत ओरखड्याच्या शेजारी आणखी एक फिकट पट्टा स्पष्ट दिसतो, तो जाळीने ओढलेला आहे. खरखरीत जाळी बुळबुळीत थर पुसून काढते. मासा पकडायचाच असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरावा आणि मासा पाण्यासकट डब्यात घ्यावा.

पण या वेळची खरी इजा फोटोत नाही. समुद्रफूल बुडाने दगडाला घट्ट चिकटलेलं असतं. त्याचं बूड फाटणं ही त्याच्यासाठी जीवघेणी गोष्ट आहे, आणि काठीने उचलताना ते एका बाजूने फाटलं. ते आक्रसून मुठीएवढं झालं, तेव्हा घरच्यांना वाटलं की ते घाबरलं आहे. दिवसभर सगळ्यांचे डोळे मादीच्या कुशीवर होते आणि फाटलेल्या समुद्रफुलाकडे कोणी पाहिलं नाही.

सकाळी १०.०५. उरले १९ तास ५ मिनिटं

दुकानदाराला फोन. त्याने फोटो पाहून सांगितलं की पांढरी कडा म्हणजे रोगाची सुरुवात, तांब्याचं औषध घाला, पाण्यातली घाण काढणारा स्किमर बंद ठेवा, फिल्टरमधला कार्बन काढा, तीन दिवस पाणी बदलू नका, दिवे कमी ठेवा.

हा सल्ला खोटा नाही, वेगळ्या आजाराचा आहे. अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन किंवा सोनेरी धुळीसारखा पसरणारा अमायलूडिनियम हे परजीवी असतात, आणि त्यांच्यावर तांबं खरोखर चालतं. तेही कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल यांतलं काहीच नसलेल्या टाकीत, रोज तांबं मोजत. खवले निघालेल्या जागेवर तांब्याचा काहीही उपयोग नाही. तिथे मारायला परजीवी नसतोच.

दुपारी १२.३०. उरले १६ तास ४० मिनिटं

औषध आलं, पाण्यात पडलं. मात्रा काढताना त्याने टाकीची बाहेरची मापं घेतली, म्हणजे १९१ लिटर. पाणी होतं १५० लिटर. साध्या तांब्याची उपचाराची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात असते. त्याने ०.२० धरलं, पाण्यात झालं साधारण ०.२५. माशाने तेवढं सोसलं असतं. कोळंबीला मात्र त्याच्या निम्मंही पुष्कळ झालं. कोळंबीच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिच्या कल्ल्यांना जाळतं.

याच वेळी आणखी तीन गोष्टी झाल्या आणि त्या तिन्ही मला तांब्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. स्किमर बंद झाला. स्किमर घाण काढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या नळकांड्यात पाणी आणि हवा सतत घुसळली जाते, म्हणून अशा टाकीचा तोच मुख्य श्वास असतो. कार्बन निघाला. आणि वेव्ह मेकर, म्हणजे पाण्याला लाट देणारा पंप, त्याने कमी वेगावर करून खाली वाळूकडे वळवला. वहीत कारण लिहिलं आहे: ‘तिला धक्का नको.’

पाण्याचा पृष्ठभाग स्थिर झाला. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो हलत्या पृष्ठभागातून. समुद्राच्या खारटपणाचं, २६ अंशांचं पाणी हवेने पूर्ण भरलेलं असलं तरी लिटरमागे त्यात साधारण ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी. १५० लिटरला गुणलं तर सगळ्या टाकीत मिळून जेमतेम एक ग्रॅम. मासे, खेकडे, जिवाणू सगळे त्या एका ग्रॅमवर जगतात आणि तो पृष्ठभागातून दर क्षणी पुन्हा भरला जावा लागतो. साडेबारापासून तो नीट भरला जात नव्हता.

दुपारी २.००. उरले १५ तास १० मिनिटं

काचेवरच्या गोगलगाई एकेक करून वाळूवर पडल्या. कोळंबी आडवी होऊन पाय झटकत होती. भाच्याला वाटलं, कात टाकते आहे. कोळंबी कात टाकते तेव्हा काही काळ अशीच वाकडीतिकडी दिसते, त्यामुळे हा समज होण्यासारखाच आहे. दगडांच्या भोकांतून केसाळ किडे बाहेर आले, भर उजेडात, जे ते एरवी करत नाहीत. दगडातली सगळी लहान जीवसृष्टी घर सोडून निघाली होती. उरलेली आतच मेली, न दिसणाऱ्या जागी, आणि तिथेच कुजायला लागली.

इथे तो थांबला असता, कार्बन परत घातला असता, स्किमर चालू केला असता आणि पाणी बदललं असतं, तर कोळंबी गेली असती पण मासे बहुतेक वाचले असते.

दुपारी ४.१५. उरले १२ तास ५५ मिनिटं

घरातल्या औषधांच्या डब्यात टेट्रासायक्लिनच्या जुन्या कॅप्सूल होत्या. जखम म्हणजे जंतू, जंतू म्हणजे अँटिबायोटिक. दोन कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्या.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या घरात मॅग्नेशियम असतं. टेट्रासायक्लिन या दोघांना चिकटतं आणि बरंचसं निकामी होतं. जे मोकळं राहतं ते चांगला जिवाणू, वाईट जिवाणू असा भेद करत नाही. दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात म्हणून बंद काचेत मासे जगू शकतात. नव्या टाकीत ती वस्ती बसायला काही आठवडे जातात. मेलेल्या जिवांमुळे अमोनिया वाढायला लागला होता, नेमकं तेव्हाच त्या वस्तीवर औषध पडलं. शिवाय कॅप्सूलमधली भुकटी म्हणजे फक्त औषध नसतं, सोबत भरणीचा पिठूळ पदार्थ असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंचा खाऊ झाला.

पाणी पिवळसर झालं, कडेला फेस धरला. आणि माणसांची अँटिबायोटिकं अशी पाण्यात ओतणं दुसऱ्या अर्थानेही वाईट आहे, कारण टाकीचं पाणी शेवटी गटारात जातं आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तिथून पुढे कुठे पोचतात ते आपल्या हातात राहत नाही.

संध्याकाळी ६.३०. उरले १० तास ४० मिनिटं

वहीतली नोंद: ‘अमोनिया ०.२५? रंग नीट कळत नाही.’ प्रश्नचिन्ह त्याचंच. पिवळ्या पाण्यात पिवळ्या-हिरव्या रंगाची चाचणी वाचणं अवघडच.

या क्षणापाशी मला थांबायचं आहे, कारण एक मोठी वाट इथे फुटते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि विषारी असलेल्या मोकळ्या रूपाचा वाटा पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात तो शेकड्याला एकाहूनही कमी असतो. समुद्राच्या टाकीचं पीएच ८.२च्या आसपास, तिथे हा वाटा दहापटींहून जास्त होतो. गोल्डफिशच्या टाकीत एका दिवसापुरता खपून गेला असता असा आकडा क्लाऊनच्या टाकीत कल्ले भाजतो. म्हणून खाऱ्या पाण्यात ‘थोडा अमोनिया’ असं काही नसतं.

करायचं काय ते त्याला कळत होतं. पाणी बदलायचं. पण बदलायला पाणी नव्हतं. आरओचं गोडं पाणी होतं, मिठाची पिशवीही होती, मात्र तयार खारं पाणी नव्हतं. ४५ लिटरला दीड किलोपेक्षा जास्त मीठ लागतं, ते हळूहळू विरघळवायचं, पंपाने फिरवायचं, तापमान २६ अंशांवर आणायचं, मग क्षारता मोजायची. एरवी हे आदल्या दिवशी करून ठेवायचं काम. अडचणीच्या वेळी दोन तास फिरवलेलं पाणीही चालतं, आणि साडेसहाला सुरुवात केली असती तर साडेआठला पाणी बदलता आलं असतं. पण दुकानातून तीन दिवस पाणी बदलू नका असं बजावलेलं होतं. मात्रा पातळ होईल ही भीती होती. शिवाय मादी अजून पोहत होती, खरचटलेल्या जागेची गुलाबी छटाही त्याला सकाळपेक्षा फिकी वाटत होती. औषध लागू पडलं असंच त्याला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या प्रत्येक घरात तयार पाण्याचं एक पिंप भरलेलं असावं. औषधांच्या बाटल्यांआधी ते घ्यावं. मी हे आग्रहाने सांगतो, कारण अशा टाकीत उपचार म्हणून ज्या पदार्थाची सर्वांत जास्त वेळा गरज पडते तो हाच.

रात्री ८.३०. उरले ८ तास ४० मिनिटं

दिवे बंद. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शेवाळी पेशी असतात. उजेडात त्या प्राणवायू देतात, अंधारात फक्त घेतात. रात्री प्रत्येक टाकीत प्राणवायू उतरतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. निरोगी टाकी हे सहज पेलते.

रात्री ११.१५. उरले ५ तास ५५ मिनिटं

समुद्रफूल दगडावरून सुटून वाळूवर पडलं होतं, तोंड सताड उघडं. भाचा म्हणतो, वास येत होता. त्याला वाटलं औषधाचा.

मेलेलं समुद्रफूल काही तासांतच चिकट, धाग्यांचा लगदा होऊ लागतं. त्यातलं पाणी सोडलं तरी जे कुजतं ते काही ग्रॅम असतंच, आणि एक ग्रॅम साखर पूर्ण कुजवायला जिवाणूंना साधारण एक ग्रॅम प्राणवायू लागतो. टाकीत सगळा मिळून होता एक ग्रॅम, तोही सकाळी. समुद्रफूल त्याच वेळी डब्याने उचलून बाहेर काढलं असतं आणि वेव्ह मेकरचं तोंड वर फिरवलं असतं, तरी मासे वाचले असते असं मला आजही वाटतं. हे मी त्यालाही सांगितलं, कारण पुढे कधी कोणाच्या टाकीत असं दिसलं तर त्याला हात घालता यावा.

तो बाराच्या सुमारास झोपला.

रविवार, पहाटे २.००. उरले ३ तास १० मिनिटं

याची नोंद नाही, साक्षीदारही नाही. पण नंतर पाणी जसं दिसलं त्यावरून कळतं. कुजवणारे जिवाणू काही तासांत अफाट वाढले आणि पाणी दुधाळ झालं. मासे तळ सोडून वर आले असणार. कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलं. त्याने अमोनियाचं विष तात्पुरतं थोडं कमी झालं असेल, पण श्वास घ्यायला पाण्यात काही उरलं नव्हतं. मोठ्या माशाला जास्त हवा लागते. आणि त्या जोडीत मोठी मादी होती.

पहाटे ५.१०

ताई उठली, तिला पाणी पांढरं दिसलं. तिने त्याला उठवलं आणि मला फोन लावून दिला.

“मामा, सगळे वर आलेत, तोंड उघडून. मोठी खाली पडलीये.”

“एअर पंप आहे?”

“नाही.”

“वेव्ह मेकरचं तोंड वर फिरव, फुल स्पीड. स्किमर लाव. ताईला म्हण, स्वच्छ पातेलं घे, साबणाचा हात न लागलेलं. टाकीतलंच पाणी उचलून फूटभर वरून ओतत राहा. थांबू नका. मी निघतो.”

माझ्याकडे तयार पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते. ते आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठाण्याहून रिक्षा केली. पोचेपर्यंत ताईचे हात भरून आले होते, पण ती ओततच होती.

मादी आणि डॅमसेल गेले होते. कोळंबी, खेकडे, गोगलगाई कालच गेल्या होत्या. नर स्किमरच्या पाण्याची धार पडते त्या कोपऱ्यात तिरका तरंगत होता, कल्ले हलत होते. त्याला डब्याने उचलून नव्या पाण्याच्या बादलीत घेतलं, आत हवा सोडली. जुनं पाणी बादलीत थेंबभरही घेतलं नाही. बुडणाऱ्या टाकीत फक्त हवा सोडून चालत नाही, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हवेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच पुन्हा वर चढतं, आणि साठलेला अमोनिया परत विषारी होतो. हवेबरोबर पाणीही बदलावंच लागतं.

मादीला ओल्या कापडावर घेऊन भिंगाखाली पाहिलं. जाळीचा पट्टा अजून उघडा होता. मूळ ओरखड्यावर मात्र कडेपासून कडेपर्यंत पातळ, पारदर्शक कातडी आलेली होती. भाच्यालाही दाखवली. तो रडला, आणि मी त्याला रडू दिलं. माणसाच्या घरात क्लाऊन पंधरा-वीस वर्षंही जगू शकतात. ती त्याच्याकडे बोटाच्या पेराएवढी असताना आली होती.

नंतरचं

समुद्रफुलाचा लगदा आधी काढला, मग पाणी. वाळू संपूर्ण फेकून दिली, कारण कॅल्शियमयुक्त वाळू तांबं धरून ठेवते आणि पुढे महिनोन्महिने थोडं थोडं सोडत राहते. दगड वेगळ्या पिंपात ठेवले आहेत, त्यांत तांबं ओढणारं रेझिन आणि कार्बन आहे. तांबं मोजायची चाचणी विकत घेतली.

चार दिवसांनी त्याने मला विचारलं, “मामा, हा आता मादी होईल का?” होईल. क्लाऊन सगळे जन्माला नर म्हणूनच येतात. गटात जो सर्वांत मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. ती गेली की तिचा जोडीदार काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत बदलतो. पुन्हा जोडी हवी असेल तर मात्र त्याच्या हाताखाली दुसरा लहान क्लाऊन असावा लागतो. आणायचा तर पैदास केंद्रातला आणायचा. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनची पैदास केव्हाच साधलेली आहे, समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण उरलेलं नाही. आणि तो या नरापेक्षा लहान हवा. बरोबरीचा आणला तर दोघंही मादी व्हायला बघतात आणि मारामारी होते.

सध्या नर चाळीस लिटरच्या टाकीत आहे, स्पंज फिल्टरवर. तिसऱ्या दिवशी त्याने खाल्लं. दगडांच्या पिंपातल्या पाण्यात तांबं अजून दिसतं, आणि ते आठवड्याआड केलेल्या चाचण्यांत ओळीने शून्य येईपर्यंत मोठ्या टाकीत कोळंबी, गोगलगाय किंवा समुद्रफूल जाणार नाही. त्याला किती दिवस लागतील हे दगडांनी किती शोषलं आहे त्यावर ठरेल.